फ्रेस्नोचं सत्तेचाळीस नंबरचं चॅनेल

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी पुन्हा एकदा ५जीचा फॉरवर्ड फिरला. ‘पूर्वीच्या टीव्हीच्या लहरी साध्या होत्या, या जास्त फ्रिक्वेन्सीच्या, म्हणून घातक.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी. मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की ग्रुपवर टाकायची सोय राहिली नाही, कारण मधेच मी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत जाऊन पोचलो होतो.

फ्रेस्नो म्हणजे बेदाण्यांचा मुलूख. पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला किनाऱ्यालगतच्या डोंगररांगा आणि मधे तव्यासारखं सपाट सॅन वाकीन खोरं. शहर ना फार मोठं, ना लहान. टीव्ही तिथे उशिरा आला, कारण १९४८ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने नवे परवाने देणंच थांबवलं. चॅनेलचा नंबर म्हणजे लहरींची ठरावीक फ्रिक्वेन्सी, आणि एकाच नंबरवर चालणारी दोन स्टेशनं एकमेकांपासून लांब असूनही एकमेकांच्या चित्रात घुसत होती. सहा महिन्यांत तोडगा काढू म्हणून घातलेली ही बंदी १९५२ च्या एप्रिलपर्यंत चालली. (सरकारी सहा महिने सगळीकडे सारखेच.) तेव्हा साऱ्या देशात स्टेशनं होती १०८, म्हणजे जपमाळेतल्या मण्यांइतकी.

तोडगा असा निघाला: जुनी २ ते १३ ही व्हीएचएफ चॅनेलं पुरत नाहीत, तर वरच्या फ्रिक्वेन्सीची १४ ते ८३ ही यूएचएफ चॅनेलं उघडा. व्हीएचएफवर एकाच नंबरची दोन स्टेशनं कॅलिफोर्नियात किमान १९० मैल, म्हणजे साधारण ३०५ किलोमीटर लांब हवीत. लॉस अँजेलिसकडे सात व्हीएचएफ चॅनेलं होती. फ्रेस्नोच्या वाट्याला १२ नंबर आला आणि बाकी यूएचएफ. १ जून १९५३ ला तिथल्या ‘फ्रेस्नो बी’ या वर्तमानपत्राच्या मालकांचं केएमजे-टीव्ही २४ नंबरवर सुरू झालं. त्याच वर्षी ४७ नंबरवर केजेईओ आलं, आणि १९५६ मध्ये १२ नंबरवर केएफआरई.

आता यातली मेख. १२ नंबर मिळालेला मालक खूश आणि ४७ वाला नाखूश, असं का? इथे फॉरवर्डवाल्यांचा समज उलटा पडतो.

आकडे बघू. १२ नंबर म्हणजे सुमारे २०७ मेगाहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला फ्रिक्वेन्सीने भागलं की तरंगलांबी मिळते, इथे ती जवळपास १४५ सेंटीमीटर येते. तुलनेला यूएचएफचा ३० नंबर घेऊ, कारण १२ वाल्याला पुढे तिथेच जावं लागलं. तो ५६९ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणून लांबी ५३ सेंटीमीटर. साध्या अँटेनाची दांडी तरंगलांबीच्या निम्मी असते. म्हणजे १२ नंबरसाठी बहात्तर सेंटीमीटरची दांडी, ३० साठी जेमतेम सव्वीस. एक माणूस परात घेऊन पावसात उभा आहे आणि दुसरा वाटी घेऊन. पाऊस दोघांवर सारखाच पडतोय. अँटेना किती ‘पाऊस’ गोळा करणार हे तरंगलांबीच्या वर्गावर ठरतं. १४५ भागिले ५३ म्हणजे सुमारे २.७ आणि त्याचा वर्ग साडेसात. घरापाशी लहर तेवढ्याच जोराची पोचली तरी ३० नंबरचा साधा अँटेना साडेसातपट कमी शक्ती पकडणार! मला हे गणित फार आवडतं. लहर अशक्त झालेली नसते, आपला पदर लहान झालेला असतो.

यावर दोन इलाज आहेत. एक, अँटेनावर जास्त दांड्या आणि मागे जाळी लावून पदर मोठा करा. लांबी कमी असल्यामुळे त्या मावतातही. दोन, टॉवरने जास्त जोर लावा. आयोगाने ७ ते १३ नंबरांना ३१६ किलोवॅटची कमाल मर्यादा घातली, यूएचएफला आधी १,००० आणि नंतर ५,००० किलोवॅटची. ५,००० भागिले ३१६ म्हणजे जवळपास सोळापट. साडेसातपट भरून निघालं, वर दुप्पट शिल्लक. ती शिल्लकही खर्ची पडते. अख्ख्या इमारतीच्या आडून आरतीचा लाउडस्पीकर ऐकू येतो, पण मांडवातले दिवे दिसत नाहीत. लांबी जितकी कमी तितकी अडथळ्यामागची सावली गडद. त्यातून अँटेनाची ती चपटी वायर. पावसात भिजली की यूएचएफवर पकडलेली शक्ती जास्तच खाते. आमच्या गच्चीवर अशीच वायर होती. मी वर अँटेना फिरवायचो आणि खालून आईचा आवाज यायचा, ‘मुंग्याच आहेत अजून!’

खरा घोळ मात्र दुकानात होता. जुन्या टीव्हीच्या बटणावर फक्त २ ते १३. यूएचएफ बघायचं तर वेगळा कन्व्हर्टर घ्यायचा आणि रेडिओसारखा काटा फिरवत चित्र शोधायचं. गावात एखादं व्हीएचएफ स्टेशन आधीपासून असेल, तर हा उपद्व्याप करतो कोण? ओरेगनमधल्या पोर्टलंडचं केपीटीव्ही १९५२ च्या सप्टेंबरात २७ नंबरवर सुरू झालं. व्यावसायिक यूएचएफ स्टेशन म्हणून ते जगातलं पहिलं, पण १९५७ मध्ये विलीनीकरण करून त्यानेही १२ नंबर गाठला. फ्रेस्नोत नेमकं उलटं घडलं. १९५३ मध्ये तिथे दुसरं काहीच नव्हतं, म्हणून लोकांनी यूएचएफचीच तयारी करून टीव्ही घेतले. मग आयोग म्हणाला, गावात सगळ्यांना एकच न्याय, आणि १९६१ च्या फेब्रुवारीत केएफआरईला १२ वरून उचलून ३० वर बसवलं. अख्खं शहर यूएचएफ. १९६२ मध्ये सगळी चॅनेलं पकडणारेच टीव्ही बनवण्याचा कायदा झाला, तो १९६४ पासून लागू झाला. फ्रेस्नोकरांना त्याची गरज नव्हती.

आणि आता फॉरवर्डकडे. ४७ नंबर म्हणजे ६६८ ते ६७४ मेगाहर्ट्झ. १९५३ पासून २००९ च्या जूनपर्यंत, म्हणजे अमेरिकेतली मोठी स्टेशनं डिजिटल होईपर्यंत, या लहरी फ्रेस्नोतल्या घराघरांतून, पाळण्यांतून, बेदाण्यांच्या मळ्यांतून जात होत्या. २०१७ मध्ये टीव्हीच्या ३८ ते ५१ नंबरांचा पट्टा लिलावात मोबाइल कंपन्यांना विकला गेला. तिथलं ५जी आज याही पट्ट्यावर चालतं. टीव्हीच्या ‘साध्या’ आणि ५जीच्या ‘घातक’ लहरी इथे एकाच फ्रिक्वेन्सीच्या आहेत. तांबडा प्रकाश हवा असेल तर याहून सहा लाखपटींहून जास्त फ्रिक्वेन्सी लागते, आणि देवापुढच्या समईला कोणी भीत नाही.

फ्रेस्नोतल्या टीव्हीवर ४७ हा आकडा अजूनही उमटतो, पण ती आता नुसती पाटी. कार्यक्रम दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवरून येतो. त्या पट्ट्याचा जो भाग पूर्वीच्या ४७ नंबरचा होता, तो फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांसाठी राखलेला आहे. पूर्वी टॉवर बोलायचा आणि घर ऐकायचं, आता त्याच लहरींवर घर बोलतं आणि टॉवर ऐकतो.