बेदाण्याचा रंग आणि तांब्याचे दोन अणू

नवा बेदाणा बाजारात आला की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मेसेज फिरायला लागतो: तांबूस, काळपट बेदाणा तेवढा अस्सल, हिरवा म्हणजे रंग मारलेला. सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, कुणी हा मेसेज मोठ्यानं वाचला, तर अडत्यापासून हमालापर्यंत सगळे हसतील. थॉमसन काय, सोनाका काय, जात कुठलीही घ्या, द्राक्ष वेलीवर हिरवंच असतं. खुलासा मागायचाच असेल तर तो तांबूस रंगाचा मागावा.

'हवा लागली की काळं पडतं' हे घरोघरचं उत्तर. चिरलेलं वांगं आपण त्याच हिशेबानं पाण्यात टाकतो. हवेतला ऑक्सिजन यात आहे हे खरं, पण तो मण्याला जाऊन चिकटत नाही. पदार्थाचा ऑक्सिजनशी संयोग म्हणजे ऑक्सिडीकरण, ही शाळेतली व्याख्या इथे तोकडी पडते. सोडियम क्लोरीनमध्ये जळून मीठ होतं, तिथे ऑक्सिजनचा पत्ताही नसतो. तरी सोडियमचं ऑक्सिडीकरण झालं असंच म्हणतात, कारण त्यानं इलेक्ट्रॉन गमावला. जो इलेक्ट्रॉन देतो त्याचं ऑक्सिडीकरण, जो घेतो त्याचं क्षपण. एक झालं की दुसरं झालंच.

आता मण्याच्या आत जाऊ. द्राक्षात फिनॉल गटातली संयुगं असतात. त्यातलं मुख्य कॅफ्टारिक आम्ल. ती पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, बंद असतात. त्यांच्यावर काम करणारं विकर (एन्झाइम), पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, त्याच पेशीत पण वेगळ्या कप्प्यात, लवकांमध्ये असतं. मणी शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. मणी दाबला गेला, सालटला किंवा वाळताना पेशींची पटलं फाटली, की कप्पे एक होतात.

या विकराच्या पोटात तांब्याचे दोन अणू शेजारी-शेजारी बसलेले असतात, आणि सगळी करामत त्यांची आहे. प्रत्येकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या तीन-तीन रेणूंनी धरून ठेवलेलं असतं. दोन्ही तांबे +1 अवस्थेत, म्हणजे एकेक इलेक्ट्रॉन गमावलेले, असताना हवेतला ऑक्सिजनचा रेणू त्यांच्यामध्ये येऊन अडकतो, प्रत्येकाकडून एकेक इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि तांबे +2 होतात. मग फिनॉलचा रेणू येतो, दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन देतो आणि स्वतः क्विनोन होऊन बाहेर पडतो. पाठोपाठ दुसरा फिनॉल तेच करतो. तांबे पुन्हा +1 वर येतात, पुढच्या ऑक्सिजनला जागा मोकळी. ऊसतोडीत मोळी हातोहात ट्रॉलीपर्यंत जाते तसे इलेक्ट्रॉन फिनॉलकडून तांब्याकडे आणि तांब्याकडून ऑक्सिजनकडे जातात. एवढं होऊन ऑक्सिजनचं काय होतं? पाणी! क्विनोन मात्र गप्प बसत नाहीत. ते एकमेकांना आणि प्रथिनांना जोडले जाऊन मोठमोठे तपकिरी रेणू तयार होतात. तोच तो तांबूस रंग. चहाची पानं चुरगाळून काळी करतात तेव्हा हीच क्रिया हवी असते. बेदाण्यात ती नको असते, इतकाच फरक.

विकराला काम करायला पाणी लागतं. ताज्या द्राक्षात सुमारे 80 टक्के पाणी, तयार बेदाण्यात 15 टक्क्यांच्या आसपास. मधल्या काळात पाणी आधी निघून जातं की विकर आधी आटपतं, यावर मालाचा रंग ठरतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो आणि तो पाणी सोडत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या, म्हणजे इथाइल ओलिएटच्या, द्रावणात बुडवून मग शेडमध्ये जाळीवर पसरतात. मेणाची घडण बदलते, पाण्याला वाट मिळते. एरवी तीन-चार आठवडे लागले असते, ते काम दोनेक आठवड्यांत उरकतं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत पट्ट्यातली कोरडी हवा इथे उपयोगी पडते. ऐन हंगामात आभाळ आलं की शेडवाल्याच्या पोटात गोळा येतो तो यामुळेच: हवेत दमटपणा वाढला, वाळणं रेंगाळलं, विकराला मोकळं रान.

पिवळ्या सोनेरी मालासाठी गंधकाची धुरी देतात. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, म्हणजे आधी गंधकाचंच ऑक्सिडीकरण. मण्यातल्या पाण्यात विरघळून त्याचा सल्फाइट होतो. तो विकराला अडवतो, शिवाय क्विनोनला इलेक्ट्रॉन परत देऊन त्याचा फिनॉल करतो आणि स्वतः सल्फेट होतो. ऑक्सिडीकरण टळलं नाही, ते गंधकानं अंगावर घेतलं. मेसेजमध्ये तथ्य असेल तर एवढंच की हा सल्फाइट काही दमेकऱ्यांना त्रास देतो. त्यांनी पिवळा बेदाणा जपून खावा. रंग मारल्याची गोष्ट वेगळी आणि ही वेगळी.

काळं पडण्याला आपण उगाच फार अर्थ चिकटवतो. दुकानाच्या दारातलं लिंबू काळं पडलं की 'नजर ओढली' म्हणतात. ते लिंबू सुकलेलं असतं, बुरशी धरलेलं असतं आणि त्यात टोचलेली तार गंजलेली असते. दुसरीकडे 'अँटिऑक्सिडंट' छापलेल्या डब्यांची पूजा चालते, जणू ऑक्सिडीकरण हा रोगच. आपण जेवतो त्या भाकरीतल्या ग्लुकोजचं पेशीत ऑक्सिडीकरण होतं, त्यावरच तर चालतो-बोलतो.

बेदाणा वाळला, विकर थंडावलं, तरी रंगाची चिंता संपत नाही. साखर आणि अमिनो आम्लं यांची आपसातली क्रिया विकराशिवायही माल हळूहळू तपकिरी करते, आणि उष्णतेनं ती वाढते. म्हणून तासगाव-मिरज भागातला माल सौद्यापर्यंत कोल्ड स्टोरेजमध्ये राहतो. घरी किलोभर आणला असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा.