डॅशबोर्ड इजा, गुडघ्याची

मोटारीच्या समोरून झालेल्या धडकेत पुढच्या आसनावरील व्यक्तीचा वाकलेला गुडघा डॅशबोर्डवर आदळून होणाऱ्या इजांचा समूह. ही इजा गुडघ्यावरच्या खरचटण्यापासून खुब्याच्या खोबणीपर्यंत कोठेही असू शकते. मागे बसलेल्या प्रवाशाचा गुडघा पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळला, तरी इजेची रीत तीच असते. पादचाऱ्याच्या पायाला बाहेरून बंपर लागून होणारी इजा मात्र वेगळ्या जातीची आहे. तिचा उल्लेख पुढे येईल.

इजेची यांत्रिकी : गाडी थांबते, पण शरीर पुढे जातच राहते. पट्टा लावलेला नसेल किंवा सैल असेल, तर कंबर आसनावरून पुढे घसरते आणि बहुधा गुडघेच आधी आदळतात. मार वाटीवर बसला तर वाटी फुटते, तिच्यामागची कूर्चा दबते आणि उरलेला जोर मांडीच्या हाडातून खुब्याकडे जातो. मार वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकावर बसला, तर नडगी मागे रेटली जाते. तिला मागे सरकण्यापासून रोखणारा मुख्य बंध म्हणजे पाठीमागचा क्रूसिएट लिगामेंट, दवाखान्यातल्या बोलीत ‘पीसीएल’. गुडघा काटकोनात वाकलेला असताना हा बंध ताणलेला असतो आणि मोटारीत बसलेल्या माणसाचा गुडघा साधारण तसाच वाकलेला असतो.

पीसीएल मांडीच्या हाडाच्या आतल्या गोलाकार टोकापासून निघून नडगीच्या मागच्या बाजूस, सांध्याच्या रेषेच्या सुमारे एक सेंमी. खाली चिकटतो. तो पुढच्या क्रूसिएट लिगामेंटच्या दुप्पट बळकट असतो, हे विधान बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. त्याचा आधार १९७६ च्या सुमारास केनेडी व सहकाऱ्यांनी केलेल्या ताण-चाचण्या हा असावा. नमुन्यांचे वय आणि ताण देण्याची पद्धत यांनुसार असे आकडे बरेच बदलतात, म्हणून ‘दुप्पट’ हे ढोबळ मानणेच बरे. रेस व अमिस यांनी १९९४ मध्ये बंधाच्या दोन जुड्या वेगवेगळ्या तपासल्या. पुढची-बाहेरची जुडी सरासरी १,६२० न्यूटन (बलाचे एकक) एवढ्या ताणाला, तर मागची-आतली जुडी केवळ २५८ न्यूटनला तुटली. वाकलेल्या गुडघ्यात पहिली जुडी घट्ट असते, त्यामुळे डॅशबोर्डचा भार मुख्यतः तीच झेलते.

नडगी किती मागे सरकली म्हणजे बंध तुटतो, या प्रश्नाचे उत्तर मोटारींच्या सुरक्षा-नियमांत थेट उतरले आहे. व्हियानो व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मृतदेहांच्या सांध्यांवरील प्रयोगांत सरासरी १४.४ मिमी. सरकल्यावर बंध फाटू लागला आणि २२.६ मिमी.ला पूर्ण निकामी झाला. यावरून धडक-चाचणीसाठी गाडीत बसवायच्या पुतळ्याच्या सरकत्या गुडघ्यासाठी १५ मिमी. ही मर्यादा सुचवली गेली. समोरच्या धडकेबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ९४ मध्ये ती कायम आहे; शिवाय मांडीच्या हाडावरील दाब क्षणभरासाठी ९.०७ किलोन्यूटन आणि १० मिलिसेकंद वा अधिक काळासाठी ७.५८ किलोन्यूटन यांपलीकडे जाऊ नये, अशी अट आहे. अमेरिकेच्या मानक क्र. २०८ मध्ये प्रौढ पुरुषाच्या पुतळ्यासाठी मांडीच्या हाडावरील दाबाची मर्यादा सुमारे १० किलोन्यूटन आहे. या मर्यादा पाळल्या म्हणजे गुडघा सुरक्षित राहिला, असा अर्थ काढणे योग्य नाही. १५ मिमी. हा आकडा बंध फाटू लागण्याच्या सरासरीच्या किंचित वरच बसतो. ज्यांचा बंध सरासरीहून कमकुवत आहे, त्यांना तो पुरेसे संरक्षण देत नाही.

खुब्याकडे गेलेला जोर : मांडी आतल्या बाजूला वळलेली असेल तर खुबा मागे निखळतो, ती बाहेर फाकलेली असेल तर खोबणीची मागची भिंत मोडण्याचा संभव अधिक. मिशिगन विद्यापीठातील रुप व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले, की नेहमीच्या बैठकीपेक्षा खुबा ३० अंश जास्त वाकवल्यास त्याची सहनशक्ती सुमारे ३४ टक्क्यांनी आणि मांडी १० अंश आत वळवल्यास सुमारे १८ टक्क्यांनी घटते. पाय डॅशबोर्डवर टेकवून बसण्याची सवय किती घातक आहे, हे यावरून उघड व्हावे. निखळलेला खुबा शक्यतो सहा तासांच्या आत बसवला नाही, तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका वाढतो. गुडघ्यावर समोरून मार लागल्याची खूण दिसली, की खुबा तपासलाच पाहिजे, हा नियम अस्थिशल्यचिकित्सेत रूढ आहे. मांडीचे हाड मोडलेले असेल, तर मोडलेल्या हाडाकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि त्याच पायातला फाटलेला पीसीएल कित्येक आठवडे ध्यानातच येत नाही.

वाटीचे अस्थिभंग : थेट मारामुळे वाटीला चांदणीसारख्या चिरा पडतात, स्नायूंच्या ओढीमुळे मोडते तेव्हा ती बहुधा आडवी दुभंगते. तुकडे जोडावेत की वाटीच काढून टाकावी, यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. ब्रुक यांनी १९३७ मध्ये वाटी हा निरुपयोगी अवयव असून ती काढल्याने पाय अधिक जोमाने सरळ होतो, असे प्रतिपादन केले आणि काही वर्षे ती काढण्याची लाटच आली. ब्रूस व वॉल्म्सली यांच्या १९४२ मधील प्रयोगांत वाटी काढलेल्या सशांच्या मांडीच्या हाडावरील कूर्चा झिजलेली आढळली. कॉफर यांनी १९७१ मध्ये मोजमापे देऊन दाखवले, की वाटीविना पाय पूर्ण सरळ करायला मांडीच्या स्नायूंना सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जास्त जोर लावावा लागतो. आज शक्य तितकी वाटी वाचवण्याकडेच कल आहे. तारांची ताणपट्टी, म्हणजे तुकडे तारांनी आवळून जोडणे, ही त्यासाठीची रूढ पद्धत.

गुडघा निखळणे : वेगवान धडकेत दोन किंवा अधिक बंध तुटून गुडघा पूर्ण निखळू शकतो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो आपोआप जागेवर बसलेला असणे नवलाचे नाही. अशा वेळी एक्स-रे निर्दोष दिसतो, आणि गुडघ्यामागच्या लवणीतली मुख्य रोहिणी मात्र फाटलेली असते. ग्रीन व ॲलन यांच्या १९७७ च्या संकलनात रोहिणीच्या इजेचे प्रमाण ३२ टक्के होते. २०१४ मधील एका पद्धतशीर आढाव्यात ते १८ टक्के निघाले. दुसरा आकडा जास्त विश्वसनीय वाटतो, कारण जुन्या मालिकांत गंभीर रुग्णच अधिक नोंदले गेले असावेत. उपचाराला उशीर झाल्यास होणाऱ्या परिणामांबाबत मात्र दुमत नाही. ग्रीन व ॲलन यांच्या रुग्णांत आठ तासांच्या आत रक्तप्रवाह पूर्ववत न झालेल्यांपैकी ८६ टक्क्यांचा पाय कापावा लागला. घोट्यावरचा रक्तदाब दंडावरच्या रक्तदाबाच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर वाहिन्यांची तातडीने तपासणी करतात.

निदान : पीसीएल तुटल्यावर ‘खट्’ असा आवाज किंवा मोठी सूज येईलच असे नाही, पुष्कळ रुग्ण लंगडत का होईना, चालतात. उताणे निजून गुडघा काटकोनात वाकवल्यावर नडगी मागे खचलेली दिसणे ही मुख्य खूण. एरवी नडगीचे आतले टोक मांडीच्या हाडापेक्षा सुमारे एक सेंमी. पुढे असते. हातांनी मागे ढकलल्यावर दुसऱ्या पायाच्या तुलनेत पाच मिमी.पर्यंत सरकल्यास पहिली, दहापर्यंत दुसरी आणि त्याहून जास्त सरकल्यास तिसरी श्रेणी मानतात. एमआरआय ताज्या इजेत खात्रीचा असतो. जुन्या इजेत बंध लांबट अवस्थेत भरून आलेला असल्यास चित्र फसवे ठरू शकते.

उपचारांतील मतभेद : केवळ पीसीएलच फाटला असेल आणि श्रेणी पहिली किंवा दुसरी असेल, तर ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, यावर बहुतेकांचे एकमत आहे. वाद तिसऱ्या श्रेणीचा आहे. पॅरोली व बर्गफेल्ड (१९८६) आणि शेलबोर्न व सहकारी (१९९९) यांच्या मते शस्त्रक्रियेविना बऱ्याच जणांचा गुडघा चांगला चालतो. क्लॅन्सी व सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच जुन्या इजेत आतल्या बाजूची कूर्चा झिजत असल्याकडे लक्ष वेधले होते. यात एक बाब बहुधा निसटते. पहिल्या दोन्ही अभ्यासांतील रुग्ण खेळाडू होते. डॅशबोर्डच्या मारात वाटीची कूर्चा आणि इतर बंधही दुखावलेले असतात, तेव्हा मैदानावरच्या इजेचे निष्कर्ष मोटारीतल्या इजेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. शुल्ट्झ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तपासलेल्या ४९४ रुग्णांत ४५ टक्के इजा वाहतूक अपघातांतल्या होत्या आणि डॅशबोर्डसारखा मार हेच सर्वाधिक आढळलेले कारण होते.

बंध न तुटता नडगीकडचा हाडाचा तुकडाच उखडून आला, तर तो स्क्रूने बसवतात. बर्क्स व शाफर यांनी १९९० मध्ये सुचवलेला मागून जाणारा सोपा मार्ग त्यासाठी वापरात आहे. भारतात ही इजा तुलनेने जास्त दिसते आणि तिचा संबंध दुचाकीवरून वाकलेल्या गुडघ्यावर पडण्याशी जोडला जातो.

बंपर-अस्थिभंग : पादचाऱ्याच्या गुडघ्याला बाहेरून बंपर लागून नडगीच्या वरच्या पृष्ठाचा बाहेरचा भाग खचतो. कॉटन व बर्ग यांनी १९२९ मध्ये ‘फेंडर फ्रॅक्चर’ या नावाने त्याचे वर्णन केले. शॅट्झकर यांचे १९७९ चे सहा प्रकारांचे वर्गीकरण आजही वापरतात.

प्रतिबंध : कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोने आणला, गुडघ्याला त्याच्याइतका उपयोगी दुसरा उपाय नाही. डॅशबोर्डच्या खालच्या भागात दबणारी पॅडे बसवणे ही पुढची पायरी. गुडघ्यासाठीच्या एअरबॅगबद्दल अपेक्षा मोठ्या होत्या. मात्र अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०१९ मधील विश्लेषणात एकूण इजांचे प्रमाण ७.९ वरून ७.४ टक्क्यांवर आल्याचे दिसले आणि हा फरक सांख्यिकीदृष्ट्या नगण्य ठरला.

भारतात नियम क्र. ९४ वर आधारलेले एआयएस-०९८ हे मानक नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाले. त्यात ताशी ५६ किमी. वेगाने धडक देतात. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या कार्यक्रमात हा वेग ६४ किमी. आहे. भारतीय बाजारातल्या गाड्यांच्या ग्लोबल एनकॅप अहवालांत, डॅशबोर्डमागच्या आडव्या लोखंडी नळीवर गुडघे आदळू शकतात, असा शेरा वारंवार आढळतो. मागच्या आसनावरही पट्टा बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे.

भरपाई : मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गुडघ्याच्या इजेची टक्केवारी मांडताना त्या पायाचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन बाबी वेगळ्या धराव्या लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. गवंडी, वाहनचालक किंवा शेतमजूर यांना उकिडवे बसता न येणे म्हणजे काम सुटणे. बैठे काम करणाऱ्याला तीच टक्केवारी तितकी जाचत नाही.