पटरचा ‘बॅलन्स’: एका शब्दामागची गुंतागुंत

जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या ओकमाँटला झालेल्या गोल्फच्या यूएस ओपनच्या शेवटच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) सुमारे 64 फुटांवरून मारलेला पट, म्हणजे चेंडू घरंगळत नेणारा फटका, होलमध्ये गेला आणि स्पर्धा संपली. विजेत्याच्या हातात ‘झिरो टॉर्क’ (वळवणारा जोर शून्य) जातीचा पटर, म्हणजे पट मारायचा क्लब, होता. मोठ्या उत्पादकांनी असे पटर त्याआधीच बाजारात आणले होते, पण त्या पटनंतर ही जात सामान्य खेळाडूच्याही तोंडी बसली. पूर्वी नवा पटर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असायचा, ब्लेड (पातळ पात्याचा) की मॅलेट (मोठ्या, जाड डोक्याचा)? आता तो विचारतो, बॅलन्स कोणता? अडचण अशी की या शब्दाचे निदान चार अर्थ चलनात आहेत. ते वेगवेगळ्या दशकांत रुजले आणि एकमेकांशी त्यांचा संबंध बेताचाच आहे.

जुना काळ थोडक्यात. लाकडी हेडचे आणि नंतर लोखंडी पात्याचे पटर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. त्यांत शाफ्ट (दांडा) नेहमी हीलकडे, म्हणजे हेडच्या खेळाडूकडच्या टोकाला, बसवलेला असे. 1903 मध्ये पेटंट मिळालेल्या ‘स्केनेक्टडी’ पटरमध्ये ॲल्युमिनियमचे मॅलेट हेड होते आणि शाफ्ट जवळजवळ मध्यावर होता. पुढच्याच वर्षी सँडविचला एका अमेरिकी खेळाडूने ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा याच पटरने जिंकली. 1910 मध्ये ब्रिटनमधल्या नियमकर्त्यांनी मध्य-शाफ्टच्या मॅलेटवर बंदी घातली, अमेरिकेतल्या संस्थेने घातली नाही. अटलांटिकच्या दोन बाजूंना दोन नियम, असे चाळीस वर्षे चालले. 1952 ची एकत्रित नियमावली आली तेव्हा बंदी गेली. बंदीमागे तांत्रिक कारण होते की पराभवाचा सल, यावर अजून वाद होतो. परक्या पाहुण्याने करंडक नेला नसता तर हा प्रश्न इतक्या तातडीने टेबलावर आला नसता, असे म्हणायला जागा आहे.

खरी उलथापालथ झाली 1959 नंतर. तोवरचे बहुतेक पटर म्हणजे सपाट पात्याचा धातूचा तुकडा. चेंडू मध्यापासून बोटभर टोच्या बाजूला (हेडच्या दूरच्या टोकाकडे) लागला की पाते हातात वळे, दिशाही जाई आणि अंतरही. एका अभियंत्याने वजन मधून काढून हील आणि टो या दोन टोकांना नेले. (स्केनेक्टडीचा कर्ता आणि हा, दोघेही एकाच वीज-उपकरण कंपनीत नोकरीला होते, हा गंमतीचा योगायोग.) त्याच्या पहिल्या पटरचा चेंडूला लागताना ‘पिंग’ असा आवाज येई, तेच पुढे नाव झाले. 1966 चे ‘अ‍ॅन्सर’ हे मॉडेल आजही ब्लेड पटरचा मूळ आराखडा मानले जाते. इंग्रजी स्पेलिंगमधला डब्ल्यू गाळायची सूचना त्याच्या पत्नीची, कारण पूर्ण शब्द हेडवर मावत नव्हता.

बॅलन्सचा पहिला अर्थ इथला: हील-टो बॅलन्स. गणित साधे आहे. वळायला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून 2 सेंटिमीटरवरचे 100 ग्रॅम एमओआयमध्ये (या विरोधाच्या मापात) 400 ग्रॅम-वर्ग सेंटिमीटरची भर घालतात. तेच 100 ग्रॅम 5 सेंटिमीटरवर नेले की 2500. वजन तेवढेच, विरोध सहापट. आजची पंखवाली, मागे लांब पसरलेली मॅलेट हेड याच तत्त्वाचे टोक आहेत. ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या) एमओआयला नियमात 5900 ची मर्यादा आहे, पटरला मर्यादाच नाही. फक्त आकारावर बंधने आहेत. हील ते टो लांबी 7 इंचांपेक्षा जास्त नको, आणि ती पुढून मागच्या खोलीपेक्षा जास्त हवी. या दुसऱ्या अटीमुळे तीन चेंडूंच्या चित्राचा एक जुना पटर बाद ठरला आणि 2001 मध्ये त्याची दोन चेंडूंची आवृत्ती प्रचंड खपली.

दुसऱ्या अर्थाने मात्र सगळा घोळ केला आहे. शाफ्ट आडवा करून एका बोटावर तोला आणि हेड मोकळे लोंबू द्या. फेस (चेंडूला लागणारी बाजू) आकाशाकडे पाहत स्थिरावला तर पटर ‘फेस-बॅलन्स्ड’. टो खाली झुकला तर ‘टो-हँग’. अ‍ॅन्सर घराण्यातला पटर साधारण घड्याळातल्या साडेचारच्या तासकाट्यासारखा लोंबतो, हीलला शाफ्ट असलेले जुने ब्लेड जवळजवळ सहावर जाते. हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षाच्या कुठल्या बाजूला पडतो एवढेच यातून कळते. तो अक्षाच्या थेट मागे असेल तर फेस वर, टोच्या बाजूला असेल तर टो खाली. हे ठरवतो तो मुख्यतः नेक, म्हणजे शाफ्ट आणि हेड जोडणारा भाग. डबल-बेंड (दोनदा वाकवलेला) शाफ्ट असेल तर बहुधा फेस-बॅलन्स्ड, प्लंबर्स नेक (नळाच्या जोडासारखा) असेल तर मध्यम हँग, आखूड तिरका नेक असेल तर जास्त. म्हणजे मॅलेट असला की फेस-बॅलन्स्डच, हा समज चुकीचा. त्याच मॅलेट हेडला आखूड नेक लावला की तो ब्लेडइतका लोंबतो.

या मोजमापावरून फिटिंगच्या (खेळाडूला क्लब बेतून देणाऱ्या) दुकानांत एक तक्ता रूढ झाला: स्ट्रोक कमानीत जात असेल तर टो-हँग, सरळ मागे-पुढे जात असेल तर फेस-बॅलन्स्ड. तक्ता सुटसुटीत आहे, म्हणूनच टिकला. त्यातली खोच अशी की बोटावरची चाचणी शाफ्ट आडवा ठेवून होते आणि पट कोणी शाफ्ट आडवा ठेवून मारत नाही. अ‍ॅड्रेसला (फटक्यासाठी चेंडूशी उभे राहताना) शाफ्ट जमिनीशी साधारण 70 अंशांत असतो. त्या कोनात गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम तिसरा हिस्सा हेड फिरवायला उरतो. बोटावर डोळ्यांत भरणारा झुकाव हातात तितका नसतो. शिवाय फेस-बॅलन्स्ड पटरही त्या तिरक्या अवस्थेत ‘बॅलन्स’ नसतो. गुरुत्वमध्य अक्षाच्या मागे असल्याने हेडची मागची बाजू खेळाडूकडे ओढली जाते आणि फेस उघडू पाहतो. नाव काहीही सांगो.

मग तक्ता टाकून द्यायचा का? तसेही नाही. स्ट्रोकचा वेग बदलताना अक्षाबाहेरचे वजन हातांना जाणवते, आणि त्या जाणिवेवर खेळाडू नकळत ग्रिप आवळतो किंवा सोडतो. पण तो कोणत्या दिशेने प्रतिसाद देईल ते तक्त्याला माहीत नसते. पट सतत उजवीकडे सुटणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूला एक फिटर हँग कमी करून देतो, कारण फेस बंद करायला कमी झगडावे लागेल. दुसरा वाढवून देतो, कारण टो स्वतः वळून येईल. दोघांचीही गिऱ्हाइके सुधारलेली दिसतात. खडू लावलेल्या दोरीखाली 3 मीटरवरून वीस-वीस पट मारून पाहणे तक्त्यापेक्षा भरवशाचे. 3 मीटरवर फेस 1 अंश चुकला की चेंडू 52 मिलिमीटर बाजूला जातो. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून काठ 54 वर. एका अंशाची चूक जेमतेम काठावर निभावते, दोनची नाही. वीस चेंडू एकाच बाजूला सुटत असतील तर दोष बहुधा नेम धरण्यात आहे, दोन्ही बाजूंना विखुरत असतील तर हेड हातात नीट बसत नाही. पहिल्यासाठी नेकचा ऑफसेट (फेस शाफ्टच्या किती मागे आहे ते) आणि वरच्या रेषा बदलून पाहायच्या, दुसऱ्यासाठी वजन, ग्रिप आणि मग हँग.

तिसरा अर्थ, काउंटरबॅलन्स, नियमाच्या पोटातून आला. लांब पटर 1980 च्या दशकापासून होते, पण 2011 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पोटाला टेकवलेल्या पटरने पहिली मेजर (चार प्रमुख स्पर्धांपैकी एक) जिंकली गेली आणि मग अशा विजयांची रांग लागली. नोव्हेंबर 2012 मध्ये बंदीचा प्रस्ताव आला, मे 2013 मध्ये तो मंजूर झाला, 1 जानेवारी 2016 पासून लागू. बंदी पटरच्या लांबीवर नाही, तो किंवा पकडणारा हात शरीराला टेकवून स्थिर करण्यावर आहे. दुकानात आजही याचा गोंधळ होतो. आधीच्या मध्य-शाफ्टच्या वादाप्रमाणे इथेही आकडेवारीने फायदा सिद्ध करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. स्ट्रोक म्हणजे मोकळा फिरवलेला क्लब, ही व्याख्या पुढे करण्यात आली. व्याख्येला तीन दशके उशीर झाला, हा आक्षेप मात्र राहतोच.

बंदी येणार हे कळल्यावर पर्याय निघाले. 38 इंची शाफ्ट, ग्रिपच्या टोकात 50 ग्रॅमच्या आसपास वजन आणि त्याला तोलायला 400 ग्रॅमचे हेड, हा काउंटरबॅलन्स. हात थरथरणाऱ्याला उपयोगी, पण लांब पटवर अंतराचा अंदाज हरवतो अशी तक्रार नेहमीची. दुसरा पर्याय आर्म-लॉक. क्लब पुढच्या हाताला कोपराखाली टेकवणे वैध राहिले. यात शाफ्ट बराच पुढे झुकतो, म्हणून हेडला 6-7 अंशांचा लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) लागतो. घरातल्या नेहमीच्या 3 अंशांच्या पटरला लांब शाफ्ट लावून आर्म-लॉक केला की चेंडू सुरुवातीलाच गवतात दाबला जातो आणि उसळ्या घेत निघतो.

लॉफ्टचा इतिहास ग्रीनच्या वेगाशी बांधलेला आहे. ग्रीनचा वेग मोजायच्या उताराच्या पट्टीची (तिच्यावरून सोडलेला चेंडू किती फूट घरंगळतो ते मोजायचे) कल्पना 1935 च्या ओकमाँट ओपनमधून निघाली, आणि 1970 च्या दशकात अमेरिकेत मोजणी झाली तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास भरली. आज मोठ्या स्पर्धांत 12 फुटांपुढे जाते. जाड गवतातून चेंडू वर उचलायला लागणारा जास्तीचा लॉफ्ट आता नको झाला आणि 3 अंशांच्या आसपास स्थिरावला. अ‍ॅड्रेसला हात 2 अंश पुढे ढकलणाऱ्याच्या हाती 3 चा 1 होतो. त्याला 4 किंवा 5 चा पटर लागेल.

लायबद्दल, म्हणजे शाफ्टच्या जमिनीशी असलेल्या कोनाबद्दल, उगाच घाबरवले जाते. 3 अंशांच्या लॉफ्टवर लाय 2 अंश चुकला तर दिशा फक्त 0.1 अंश बदलते, 3 मीटरवर साडेपाच मिलिमीटर. खरा तोटा वेगळाच: हील किंवा टो उचललेला दिसला की डोळा नेम चुकवतो आणि चेंडू मध्यावर लागत नाही. सपाट फरशीवर नेहमीसारखे उभे राहून टोखाली नाणे सरकवून पाहावे. एक सरकले तर ठीक, दोन सहज गेली तर लाय जास्त उभा आहे.

लांबीत नेहमीची चूक म्हणजे 35 इंची पटर घेऊन 33 वर पकडणे, आणि मग कोणीतरी तो कापून देणे. एक इंच कापला की स्विंगवेट (हेडच्या जाणवणाऱ्या वजनाचे माप) साधारण 6 अंकांनी उतरते. ते परत आणायला हेडला 10-12 ग्रॅम लागतात. सोलला (हेडच्या तळाला) स्क्रूची वजने असतील तर सोपे, नसतील तर शिशाची पट्टी. वर जाड ग्रिप चढवली आणि ती जुनीपेक्षा 40 ग्रॅमने जड निघाली तर हेड आणखी हरवते. ग्रिपच्या जाडीला नियमाने 1.75 इंचांची मर्यादा आहे. मनगटे शांत होतात हे खरे, पण दुरून अंतर जोखण्याची बोटांची जाण बोथट होते.

चौथा अर्थ सगळ्यात नवा. झिरो टॉर्क पटरमध्ये शाफ्टचा अक्ष थेट गुरुत्वमध्यातून जातो, त्यामुळे हेडला कुठल्याच कोनात आपणहून वळायचे कारण उरत नाही. याच गटातल्या लांब पटरने, पण शरीराला न टेकवता, ऑगस्ट 2023 मध्ये एका अनुभवी खेळाडूने लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या. तेव्हापासून मागणी चढू लागली. जाहिरात म्हणते, फेस उघडतच नाही. ते खरे नाही. वजन अक्षाभोवती पसरलेले असतेच, हातांनी फिरवले की हेड फिरते आणि ते परत आणायलाही हातच लागतात. टॉर्क शून्य असतो तो हेडच्या बाजूने, खेळाडूच्या बाजूने नाही.

या रचनेची किंमतही आहे. शाफ्ट फेसच्या मागे हेडमध्ये शिरतो, म्हणून वरून पाहताना हात चेंडूच्या मागे राहिल्यासारखे वाटतात. त्यावर तोड म्हणून काही ग्रिपमध्ये शाफ्टचे भोक एक ते तीन अंश तिरके पाडतात, म्हणजे हात पुढे येतात आणि शाफ्ट जागेवर राहतो. तसली ग्रिप उतरवून साधी चढवली की अ‍ॅड्रेसला सगळे बिघडल्यासारखे दिसते, आणि दोष हेडला दिला जातो. दुसरी गोष्ट लायची. स्टेनलेस स्टीलचा साधा नेक कारागीर 1-2 अंश वाकवून देतो. झिरो टॉर्क पटर वाकवला की अक्ष गुरुत्वमध्यातून सरकतो, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच जाते. त्याचा लाय मागणी नोंदवतानाच ठरवावा लागतो, आणि त्यासाठी आपण किती अंशांच्या लायवर उभे राहतो ते आधी मोजलेले असावे लागते.