टॅसिटसची साम्राज्यचिकित्सा

रोमन इतिहासकार पब्लियस कॉर्नेलियस टॅसिटस (सु. ५६–सु. १२०) याने आपल्या ग्रंथांतून एकाधिकारशाहीची व साम्राज्यविस्ताराची केलेली चिकित्सा. टॅसिटस स्वतः सत्तावर्तुळातला होता. सीनेटचा (रोमच्या उच्चभ्रूंच्या राज्यसभेचा) हा सदस्य ८८ मध्ये प्रीटर (वरिष्ठ न्यायाधिकारी) आणि ९७ मध्ये कॉन्सल (सर्वोच्च पदाधिकारी) झाला. पुढे आशिया प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) कारभारही त्याच्याकडे आला. ज्या सम्राट डोमिशियनला (कार. ८१–९६) त्याने जुलमी ठरवले, त्याच्याच काळात आपण वर चढलो, हे त्याने लपवले नाही.

सासरा आणि ब्रिटनचा रोमन सुभेदार आग्रिकोला याच्या चरित्रात (९८) ही बोच उघड दिसते. डोमिशियनने विरोधकांचा गौरव करणारी चरित्रे भर चौकात जाळली, त्यांचे लेखक मारले. गप्प राहण्याइतकेच विसरणेही आपल्या हाती असते, तर वाचेबरोबर स्मृतीही गेली असती, असे टॅसिटस म्हणतो. डोमिशियनने मारलेल्या हेल्विडियस या सीनेटरला तुरुंगात नेणारे हात ‘आमचेच’ होते, हेही तो लिहितो. दोष एकट्या सम्राटावर न ढकलता स्वतःसकट साऱ्या सीनेटला जबाबदार धरणारे हे वाक्य त्याच्या लेखनाचा गाभा आहे.

‘ॲनल्स’ या ग्रंथात हाच विचार विस्ताराने येतो. पहिला सम्राट ऑगस्टस मरताच कॉन्सल, सीनेटर आणि सरदार गुलामीकडे धावत सुटले, असे तो सांगतो. त्याचा वारस टायबीरियस याच्या काळात राजद्रोहाचा जुना कायदा शब्दांनाही सर्रास लागू होऊ लागला. दोषी ठरलेल्याच्या मालमत्तेत आरोप करणाऱ्याला वाटा मिळे, म्हणून चुगलखोरी हा धंदाच बनला. इ.स. २५ मध्ये क्रेम्युशियस कॉर्डस या इतिहासकारावर खटला भरला गेला. ज्यूलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसची स्तुती केली आणि कॅशियसला शेवटचा रोमन म्हटले, एवढाच त्याचा गुन्हा. त्याने अन्नत्याग करून देह ठेवला. त्याचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला, तरी ते लपवून जपले गेले. आजच्या सत्तेने उद्याची स्मृती पुसता येते असे मानणाऱ्यांच्या मूर्खपणाचे हसू येते, असा शेरा टॅसिटस इथे मारतो.

साम्राज्याविषयीचे त्याचे सर्वांत धारदार शब्द आग्रिकोलाच्या चरित्रात, शत्रूच्या तोंडी आहेत. कॅलेडोनियाचा (आजचे स्कॉटलंड) पुढारी कॅल्गॅकस आग्रिकोलाशी झालेल्या लढाईआधी म्हणतो, की रोमन लोक लुटीला आणि कत्तलीला राज्य म्हणतात, प्रदेश ओसाड करून त्याला शांतता हे नाव देतात. भाषण टॅसिटसनेच रचले आहे, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे: जिंकल्या गेलेल्यांच्या बाजूने विचार करण्याची ताकद एका रोमन सीनेटरात होती. ब्रिटनमध्ये स्नानगृहे, टोगा (रोमन नागरिकांचे वस्त्र) व मेजवान्या पोहोचल्या. अजाण लोक त्याला सभ्यता म्हणत, पण तो दास्याचाच भाग होता, असेही तो नोंदवतो.

मात्र त्याने साम्राज्य सर्वस्वी नाकारले नाही. ऑगस्टसला सत्ता मिळवून देणाऱ्या ॲक्टियमच्या लढाईनंतर शांततेसाठी सत्ता एकाच्या हाती जाणे भाग होते, असे तो मानतो. आग्रिकोलाच्या विजयांचा त्याला अभिमान आहे, आणि ज्यू लोकांविषयी त्याने लिहिलेला मजकूर द्वेषाने भरलेला आहे.

‘हिस्टरीज’ हा त्याचा ग्रंथ इ.स. ६९ पासून डोमिशियनच्या अखेरीपर्यंतचा होता. हाती आलेला भाग इ.स. ७० मध्येच तुटतो. त्यामुळे टॅसिटसने स्वतः भोगलेल्या डोमिशियनच्या पंधरा वर्षांचे त्याच्याकडून मिळणारे चित्र मुख्यतः आग्रिकोलाच्या छोट्या चरित्रातच उरले आहे.