पार्श्वभूमी: जायकवाडीचा हक्क आणि कर्ता नसलेले कलम

ऑक्टोबर सरत आला आणि नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, पाणी कमी असले, की गोदावरी खोऱ्यातील वरच्या धरणांतून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचे यावरून नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात होणारी ओढाताण वाचकांना नवी नाही. तिचा निवाडा करणे हा या टिपणाचा हेतू नाही. मराठवाडा ज्याला आपला हक्क म्हणतो तो कायद्यात कसा आला आणि कायद्यात आल्यावरही पाणी नदीत उतरायला इतकी वर्षे का लागली, एवढेच येथे मांडायचे आहे.

जुन्या मराठी वतनपत्रांत ‘हक्क-लाजिमा’ असा जोडशब्द वारंवार येतो. ‘लाजिम’ म्हणजे जे दिलेच पाहिजे ते. बलुतेदाराचा हक्क म्हणजे कुणब्याने खळ्यावर मोजून द्यायचे धान्य. ती व्यवस्था विषम होती आणि तिची आठवण गोड करून सांगण्याचे काही कारण नाही. तरी कोणी कोणाला काय द्यायचे हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक असे.

गोदावरीच्या पाण्याबाबत असे काही ठरलेले नव्हते. वरच्या भागातले दारणा धरण १९१६ मध्ये आणि भंडारदरा १९२६ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा ती मुंबई इलाख्यातील कामे होती, तर पैठण निजामाच्या राज्यात होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिले. वरच्या कालव्यांवर उसाचे ब्लॉक, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर उसासाठी ठरवून दिलेली क्षेत्रे, मंजूर होत गेले आणि त्या मंजुऱ्यांना पुढे वहिवाटीचे वजन आले. १९५६ मध्ये दोन्ही प्रदेश एका राज्यात आले, १८ ऑक्टोबर १९६५ रोजी जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी धरणाचे उद्घाटन झाले. दरम्यान ६ ऑक्टोबर १९७५ च्या आंतरराज्य करारात पैठणपर्यंतचे गोदावरीचे पाणी महाराष्ट्राने वापरावे हे मान्य झाले होते. खालच्या राज्यांवर त्यातून स्पष्ट बंधन आले. पण महाराष्ट्राच्या आत, वरच्या धरणाने खालच्या धरणासाठी काही राखून ठेवावे असे बंधन कोणावरच आले नाही.

ते बंधन शब्दांत उतरले २००५ मध्ये, जलसंपत्ती नियमनासाठी झालेल्या राज्याच्या कायद्यातील कलम १२(६)(ग) मध्ये. वाद समजून घ्यायचा तर हे एकच वाक्य नीट वाचले पाहिजे. त्याचा आशय असा, की खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर जलाशयांतील साठा अशा रीतीने नियंत्रित केला जाईल, की खरीप वापर धरून उपयुक्त पाण्याची टक्केवारी सर्व जलाशयांत जवळपास सारखी राहील.

यातील ‘खरीप वापर धरून’ हे शब्द वरवर तांत्रिक वाटतात, पण सगळा वाद त्यांच्याभोवती फिरतो. एखाद्या धरणाने पावसाळ्यातच कालवे चालवून शेततळी आणि विहिरी भरून घेतल्या, तर ऑक्टोबरमध्ये त्याचा साठा कमी दिसतो आणि ‘आमच्याकडेच पाणी नाही’ असे म्हणता येते. खरिपात वापरलेले पाणी हिशेबात धरले, की ही पळवाट बुजते. कायदा लिहिणाऱ्यांनी हे ओळखले होते, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

याच वाक्यातील ‘नियंत्रित केला जाईल’ हे क्रियापद मात्र कर्त्यावाचून उभे आहे. कोण नियंत्रित करील, कोणत्या तारखेचा साठा धरील, वरच्या कोणत्या धरणाच्या दाराची चावी कोणाच्या आदेशाने फिरेल, यांपैकी काहीही त्या वाक्यात नव्हते. पैठणच्या खाली ज्याची मोसंबी वाळत होती त्याला हक्क मिळाला होता, पण तो मागायचा कोणाकडे याचे उत्तर मिळाले नव्हते. पुढची सात-आठ वर्षे कलम तसेच पडून राहिले. २०१२ च्या दुष्काळात वरून पाणी आले तेही पिण्यासाठी, शासनाचा निर्णय म्हणून. त्या पाण्याबद्दल आभार मानले गेले, आणि जे हक्काचे आहे त्याबद्दल आभार मानावे लागणे हीच या प्रश्नाची खरी दुखरी जागा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

त्याच कायद्यातील ‘हक्कदारी’ हा शब्दही गुंतागुंतीचा आहे. बोलण्यात आपण हक्क आणि हक्कदारी एकच मानतो. कायद्यातील हक्कदारी म्हणजे मालकी नव्हे. ठरावीक पाणी ठरावीक कामासाठी वापरण्याची ती अधिकृत परवानगी. २०११ च्या दुरुस्तीने तिच्यावर आणखी एक अट घातली. जिथे सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याखाली लाभक्षेत्राचे सीमांकन वगैरे पूर्ण झाले आहे, तिथेच हक्कदारी लागू, आणि आधी झालेल्या पाणीवाटपाच्या निर्णयांना कायदेशीर संरक्षण. सीमांकन करायचे शासनाने, आणि ते झाले नाही म्हणून हक्कदारी नाही ती शेतकऱ्याला. ज्याने कर्तव्य पार पाडले नाही त्याचे काहीच बिघडले नाही, ही त्या दुरुस्तीतील सर्वांत खटकणारी गोष्ट आहे.

कलमाला कर्ता मिळाला तो १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने. अभ्यासगटाच्या अहवालाच्या आधारे, याच कायद्याखालील जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने तारीख ठरवली १५ ऑक्टोबर, रेषा ठरवली ६५ टक्के आणि कोष्टक ठरवले धरणसमूहांप्रमाणे. त्या तारखेला खरीप वापरासह जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या वर असेल, तर वरून काही सोडायचे नाही. खाली असेल, तर मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आदी समूहांनी कोष्टकाप्रमाणे सोडायचे. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६ टीएमसी आहे. त्याचे ६५ टक्के सुमारे ४९.८ टीएमसी होतात. आता आकडा होता, दिवस होता आणि आदेश काढणारा अधिकारीही होता. दोन्ही बाजूंच्या याचिकांवर उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देऊन हे कलम आणि आदेश दोन्ही टिकवले.

त्यानंतरही आदेश आणि पाणी यांत अंतर राहिलेच. २०१८ मध्ये ८.९९ टीएमसीचा आदेश निघाला. २०२३ मध्ये ३० ऑक्टोबरला ८.६०३ टीएमसीचा आदेश निघाला: मुळेतून २.१०, प्रवरेतून ३.३६, गंगापूरमधून ०.५ आणि दारणा समूहातून २.६४३. दारे उघडायला मात्र नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला, आणि तेही छत्रपती संभाजीनगरात लोक रस्त्यावर उतरल्यावर व सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर. पाणी सुटल्यावरही काम संपत नाही. वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या कृषिपंपांची वीज बंद ठेवावी लागते, कोरड्या पात्रात मुरणारे पाणी सोसावे लागते. या प्रत्येक कामाला नेमलेला माणूस लागतो, आणि नदीकाठच्या शेतकऱ्याला आपले उभे पीक डोळ्यांसमोर असताना काही दिवस पंप बंद ठेवावा लागतो. त्याच्यावरचे हे ओझे खरे आहे. मराठवाड्यातील आपल्या भाषणांत त्याचा उल्लेख फार कमी येतो.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कोणी बोलत नाही. कलमातील ‘सर्व जलाशय’ हे शब्द पैठणला थांबत नाहीत. जायकवाडीचा उजवा कालवा माजलगावपर्यंत पाणी नेतो आणि डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा, परभणीच्या शिवारापर्यंत जाणारा आहे. त्या कालव्यावरील टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा पैठणकडे असलेला दावा तर्काने तोच आहे, जो पैठणचा भंडारदऱ्याकडे आहे. हेडला, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीला, पाणीपाळी लांबते आणि टेलला आवर्तन पोचत नाही, तेव्हा मोडलेले बंधन आपल्याच माणसांचे असते.

उच्च न्यायालयाने आकड्यांचा वेळोवेळी फेरआढावा घेण्यास सांगितले होते. २०२३ मध्ये नेमलेल्या नव्या अभ्यासगटाने ६५ टक्क्यांची रेषा ५८ वर आणावी असे सुचवले आणि २०२५ मध्ये त्यावर हरकती मागवण्यात आल्या. २०२४ आणि २०२५ मध्ये धरण भरल्यामुळे या शिफारशीची झळ अजून कोणाला लागलेली नाही. हे सात टक्के उपयुक्त साठ्यावर मोजले तर १५२ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास ५.४ टीएमसी होतात. २०२३ मध्ये एवढी ओढाताण झाली ती ८.६०३ टीएमसीसाठी.