लिनक्सवर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करावाच लागतो?

‘लिनक्स टाकलं की कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून कंपाइल (मूळ कोडपासून तयार) करायचा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. एकेकाळी त्यात तथ्य होतं. आज बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, येतात: इंटेल वायफायसाठी ‘आयडब्ल्यूएलवायफाय’, रिअलटेकच्या केबलवाल्या कार्डांसाठी ‘आर८१६९’.

मग वायफाय दिसत का नाही? बऱ्याचदा फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर, नसतं म्हणून. ड्रायव्हर चालतो कर्नलमध्ये, फर्मवेअर खुद्द कार्डावरच्या चिपमध्ये. त्याची फाइल वेगळ्या पॅकेजमधून येते. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोने (तयार लिनक्स संचाने) असं मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं ते २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून. त्याआधी किती जणांनी उगाच रात्री जागवल्या असतील! आधी कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ कमांडची नोंद वाचा, फर्मवेअर सापडलं नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

हाताने कंपाइल केलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा) साधारणपणे त्या एका कर्नलपुरतंच. कर्नल अपडेट झाला की नेट गायब. काही ब्रॉडकॉम कार्डांना किंवा अगदी नव्या यूएसबी डोंगलना बाहेरचा ड्रायव्हर लागतो, तेव्हा ‘डीकेएमएस’ हे साधन वापरा. नव्या कर्नलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) असले तर ते मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधतं. सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय) चालू असेल तर मात्र सही नसलेलं मॉड्यूल बहुतेक डिस्ट्रो उंबऱ्यावरूनच परत पाठवतात.