हरवलेल्या गोल्फ मैदानांचा माग

ब्रिटनमधलं एखादं जुनं गोल्फ मैदान सुरू कधी झालं हे बहुधा एका बैठकीत सापडतं. बंद कधी पडलं हे शोधण्यात महिने जातात. उद्घाटनाला जमीनदार, पाद्री आणि गावच्या साप्ताहिकाचा बातमीदार हजर असे. पहिला चेंडू कोणी मारला, चहापान कोणाकडून होतं, सगळं छापून येई. बंद पडताना कोणाला बोलावणं नसे. वर्गण्या थकायच्या, शेतकरी भाडेपट्टा वाढवून द्यायचा नाही, गवत माजायचं आणि मेंढ्या परत यायच्या.

१८८० नंतर पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे गोल्फची लाट होती. बरीचशी मैदानं नऊ होलची (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा), भाड्याच्या कुरणावरची. गवत कापायचं, मेंढ्या येऊ नयेत म्हणून ग्रीनभोवती, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीभोवती, तार ओढायची, झालं मैदान. १९०२ साली होयलेकच्या ओपन स्पर्धेत सँडी हर्ड रबरी दोरा गुंडाळलेला हॅस्केल चेंडू घेऊन जिंकला आणि गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकाच्या, घट्ट चेंडूचे दिवस भरले. नवा चेंडू लांब जाई, त्याला आखूड कुरणं पुरेनात. उरलेलं काम दोन महायुद्धांतल्या नांगरटीने आणि मधल्या काळातल्या घरबांधणीने केलं. क्रॉयडनजवळ जे. एफ. ॲबरक्रॉम्बीने आखलेलं ॲडिंग्टनचं ‘न्यू’ मैदानही दुसऱ्या महायुद्धानंतर घरांखाली गेलं. स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीच्या मैदानावर विमानांच्या धावपट्ट्या झाल्या होत्या. ते १९५१मध्ये पुन्हा उघडलं, पण असं नशीब फार थोड्यांचं.

शोधाला बसताना पहिली चूक होते ती क्लब आणि मैदान एकच धरण्याची. एडिंबराच्या गोल्फरांनी १७४४मध्ये लीथच्या मैदानावर तेरा नियम लिहून काढले. तिथे पाच होल होते, प्रत्येक ४१४ ते ४९५ यार्डांचा. हीच मंडळी १८३६ साली मसलबरोला गेली आणि १८९१ साली म्युरफील्डला. क्लब धडधाकट आहे, लीथचं मैदान आज सार्वजनिक बाग आहे. उलटही घडतं: एकाच कुरणावर पुरुषांचा, बायकांचा आणि कामगारांचा असे तीन क्लब वेगवेगळ्या नावांनी खेळत. म्हणून नोंद जमिनीच्या तुकड्यावार ठेवावी आणि क्लबांची नावं त्याला जोडावीत. (जाता जाता: सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबात बॉम्बे सिल्व्हर मेडल या पदकासाठी आजही खेळलं जातं, ते देणारा मुंबईचा गोल्फ क्लब मात्र केव्हाच लयाला गेला.)

कागद चाळायला सुरुवात जुन्या वर्तमानपत्रांपासून करावी. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहातला मजकूर यंत्राने वाचलेला असल्याने ‘गोल्फ’चं ‘गल्फ’ झालेलं सर्रास दिसतं. नुसत्या क्लबच्या नावावर शोध थांबवू नये. शेताचं नाव, ‘लिंक्स’, ‘बोगी’, ‘मेडल’ असे गोल्फमधले शब्द जोडून बघावेत. बंद पडल्याचा सुगावा बहुधा छोट्या जाहिरातींत लागतो. घोड्याने ओढायचं गवत कापणी यंत्र विकणे आहे, तट्टाच्या खुरांना घालायचे चामडी बूट विकणे आहे, लाकडी पॅव्हिलियन विकणे आहे, उचलून नेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. हिरवळीवर खूर रुतू नयेत म्हणून तट्टांना असे बूट चढवत. ते विकायला निघाले की समजावं, खेळ आटोपला. क्लब मर्यादित कंपनी असेल तर ‘लंडन गॅझेट’मध्ये दिवाळखोरीची किंवा विसर्जनाची सूचना निघालेली असू शकते आणि क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३१ या मालिकेत भागधारकांची यादीही. गोल्फच्या वार्षिकांवर मात्र फार विसंबू नये. सचिवाने नवी माहिती कळवली नाही की गेल्या वर्षीचाच मजकूर पुन्हा छापला जाण्याचा धोका असतो आणि मेलेलं मैदान कागदावर जिवंत राहतं.

नकाशांत ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा मैलाला २५ इंच मापाचा नकाशा सगळ्यात कामाचा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून फुकट पाहायची सोय केली आहे. शेतांवरून पसरलेली ‘गोल्फ लिंक्स’ ही अक्षरं आणि कडेला क्लबहाऊसचा छोटा चौकोन एवढंच बहुधा दिसतं; होल दाखवलेले नसतात. तारीख बघताना प्रकाशनाचं साल धरू नका. समासात मोजणी, फेरपाहणी आणि प्रकाशन अशी सालं असतात, त्यातलं फेरपाहणीचं साल खरं. दोन फेरपाहण्यांमध्ये वीस वर्षं गेली असतील तर आठ वर्षं चाललेलं मैदान दोन्ही नकाशांतून निसटतं. नकाशावर नाही म्हणून ते नव्हतंच, असं म्हणता येत नाही.

ही फट भरायला दोन सरकारी पाहण्या आहेत. १९१०च्या वित्त कायद्यानंतर जमिनीचं मूल्यांकन झालं. त्याच्या आयआर ५८ मालिकेतल्या वह्या आपल्या सातबाऱ्यासारख्या आहेत: मालक कोण, कब्जा कोणाचा, वापर कशासाठी. दुसरी पाहणी १९४१ ते १९४३ची, शेतीची, एमएएफ ३२ या मालिकेतली. तिच्यात तोच तुकडा शेतकऱ्याच्या नावावर, पिकाखाली दिसला की मधली तीस वर्षं हळूहळू आवळत आणता येतात.

मग जमिनीकडे वळावं. इंग्लंडच्या पर्यावरण विभागाने लायडारची, म्हणजे विमानातून लेसर सोडून केलेल्या उंचीच्या मोजणीची, एक मीटर जाळीची माहिती खुली केली आहे. झाडं-घरं वगळलेला थर घ्यावा आणि त्यावर कृत्रिम उजेड तिरपा, २५-३० अंशांवरून पाडावा. संगणक सहसा वायव्येकडून उजेड धरतो. इथे गफलत होते: वायव्य-आग्नेय पसरलेल्या बांधाची सावलीच पडत नाही आणि तो दिसेनासा होतो. निदान चार दिशांनी उजेड फिरवून बघावा. व्हिक्टोरियन काळात फेअरवेवर, म्हणजे होलच्या मधल्या कापलेल्या पट्ट्यावर, आडवा सरळ मातीचा बांध आणि त्याच्यापुढे चर असा अडथळा करत, त्याला कॉप बंकर म्हणत. चित्रात तो कुठल्याही शेतबांधाला न जुळणारी, अधांतरी सुरू होऊन अधांतरी संपणारी आखूड रेघ म्हणून उमटतो. उतारावरचा ग्रीन वरून खोदून खाली भर घातलेल्या सपाट तुकड्यासारखा दिसतो. चार मीटर रुंदीची टी, म्हणजे पहिला फटका मारायची सपाट जागा, चार ठिपक्यांत बसते, पण मीटरभराचा चर हरवू शकतो. नुसतं कापून केलेला ग्रीन तर दिसतच नाही.

फसवणारी ठिकाणंही बरीच असतात. सशांसाठी मध्ययुगात उभारलेले लांबट उंचवटे हुबेहूब टीसारखे दिसतात, बॉम्बचे खड्डे बंकरसारखे, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या अडथळ्यांसारखे, जुनं टेनिस कोर्ट ग्रीनसारखं. पडताळ्याला १९४०च्या दशकातली रॉयल एअर फोर्सची हवाई छायाचित्रं घ्यावीत. ती स्विंडन आणि एडिंबरा इथल्या संग्रहांत आहेत. २०१८ आणि २०२२सारख्या कोरड्या उन्हाळ्यांत गवतच नकाशा काढतं. खाली दगडी निचरा असेल तिथे ते आधी करपतं, खोल मातीवर हिरवं राहतं.

जुनं स्कोअरकार्ड मिळालं तर सोन्याहून पिवळं. प्रत्येक होलचे यार्ड ०.९१४४ने गुणून मीटर करावेत आणि ओळखलेल्या टीपासून तेवढ्या त्रिज्येचा कंस काढावा. कार्डावरचे आकडे बहुधा पाच-दहा यार्डांनी गोल केलेले असतात आणि जुने नकाशे आजच्या जाळीवर बसवताना काही मीटर सरकतात. तेवढी सूट धरावी. एक होल जुळणं योगायोग असू शकतो, सलग पाच जुळले तर मैदान सापडलं.

शेतात शिरायचं तर मालकाच्या परवानगीने, आणि कुदळ न घेता. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना धातुशोधक चालवणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. वर आलेला चेंडू सापडला तर काळ सांगताना सांभाळून: तुतीसारख्या फोडांचा चेंडू गटापर्चाचाच असेल असं नाही, सुरुवातीचे हॅस्केलही तसेच असत. खळग्यांचा चेंडू असेल तर तो १९०५नंतरचा, कारण विल्यम टेलरने त्या नक्षीचं पेटंट तेव्हा घेतलं.

नोंद करताना ब्रिटिश राष्ट्रीय जाळीचा आठ अंकी संदर्भ द्यावा, तो दहा मीटरपर्यंत जागा दाखवतो. ‘बंद झालं’ असा एक रकाना ठेवण्यापेक्षा दोन ठेवावेत: खेळ चालू असल्याची शेवटची नोंद आणि नसल्याची पहिली. प्रत्येक टी-ग्रीनपुढे ते कशावरून ओळखलं हेही लिहावं.

हा शेवटचा रकाना किती मोलाचा, ते स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावरच्या आस्कर्निशमध्ये दिसतं. त्या काळचा नामांकित स्कॉटिश गोल्फर ओल्ड टॉम मॉरिस याने १८९१मध्ये आखलेलं ते मैदान वाळूच्या टेकड्यांत बुजून गेलं होतं. २००५मध्ये शोध सुरू झाला आणि २००८मध्ये अठरा होल पुन्हा उघडले. मॉरिसचा नकाशा सापडलेला नाही. ग्रीनच्या जागा जमिनीचा चढउतार वाचून ठरवल्या, म्हणून त्यातलं मॉरिसचं किती आणि आजच्या माणसांचं किती, हा वाद अजून मिटलेला नाही.